रातांब्यांच्या गावी

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करीत एस.टी. फोंडा घाट उतरू लागली, की आम्हा घाटावरच्या माणसांचा जीव दोन कारणांनी खालीवर होतो. एक म्हणजे वळणे, आणि दुसरे म्हणजे ती अंगाला चिकटणारी दमट हवा. पण खाली कणकवली मागे टाकून कुडाळच्या बाजूला आलो, की रस्त्याकडेच्या आवारांतून एक आंबटगोड वास येऊ लागतो. मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा असेल तर हा वास चुकायचा नाही. तो रातांब्यांचा.

माझी धाकटी बहीण कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यावरच्या एका गावात दिली आहे, त्याला बावीस वर्षे झाली. उसाची भरणी आटोपली की चार दिवस मी तिच्याकडे जाऊन येतो. येताना तिने बांधून दिलेले आमसुलाचे गाठोडे असतेच. खरे सांगायचे तर आमच्या घरात आंबटाला चिंच. आमसूल निघायचे ते कुणाच्या अंगावर पित्त उठले तरच. भिजवायचे आणि ते पाणी अंगाला चोळायचे. त्यामुळे ते गाठोडे वर्ष-वर्ष फळीवर पडून राही. त्या गाठोड्यामागे किती हात लागलेले असतात, हे मला २०२५च्या मे महिन्यात, भर पावसात, पहिल्यांदा नीट कळले.

आधी फळाची ओळख करून देतो, कारण घाटावरच्या पुष्कळ वाचकांनी ओले कोकम पाहिलेले नसेल. झाड उंच, सरळ वाढणारे, फांद्या खाली झुकलेल्या, पाने गर्द हिरवी. कोवळी पालवी मात्र लालसर. फळ लिंबाएवढे, आधी हिरवे, पिकले की जांभळट लाल. त्याला इकडे रातांबा म्हणतात, गोव्यात भिरंड. आत पांढरट, बुळबुळीत गरात गुरफटलेल्या पाच ते आठ बिया. वाळवलेली साल म्हणजे आमसूल, तेच सोल, तेच कोकम. हे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उताराचे. कोकण, गोवा, कारवार आणि खाली केरळापर्यंतच्या पट्ट्यात ते रानातही सापडते. परदेशी बाजारात मिरवणारे मँगोस्टीन याचे भावकीतले. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु इतके असूनही बहिणीच्या गावात कुणाला विचारा, "तुमचे पीक काय?" तर माणूस भात सांगेल, आंबा सांगेल, काजू सांगेल. रातांबा सांगणार नाही. तो परसात असतो, कुंपणाला असतो, ओढ्याच्या कडेला असतो. त्याला खत नाही, पाणी नाही, आणि सातबाऱ्यावर त्याची मोजदाद असली तर असली.

पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा बहिणीची सासू खळ्यात बसून रातांबे फोडत होती. मी त्यांना मावशी म्हणतो. समोर फळांचा ढीग, एका बाजूला सालींची टोपली, दुसरीकडे गर-बियांचे पातेले. हाताची बोटे मनगटापर्यंत लाल. त्यांनी एक फळ माझ्यापुढे केले.

"झिला, खातंस? पण दात आंबतले हां."

खाल्ले. दात खरोखरच आंबले. रात्री भाकरी चावताना दुधात बुडवून खावी लागली.

फळ काढण्याचे काम दाजींचे आणि त्यांच्या पुतण्याचे. झाड तीस-चाळीस फूट, फांद्या बारीक. वर चढून फांदी हलवायची किंवा आकडीच्या काठीने ओढायची, खाली बायकांनी वेचायची. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे एकेका झाडाला तीन-चार वेळा हात लावावा लागतो. आणि पडलेले फळ दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून चालत नाही. ढीग लावला की खालचे फळ घामेजते आणि बुरशी धरते. म्हणून सकाळी काढलेले रातांबे दुपारी फोडलेच पाहिजेत. घरातली स्वयंपाकपाणी उरकलेली बाई त्या ढिगापाशी येऊन बसते ती दिवेलागणीलाच उठते.

आमसूल करण्याची कृती बहिणीने मला सांगितली ती अशी. फळ आडवे कापून दोन वाट्या करायच्या, किंवा चार फाका करायच्या. गर-बिया पातेल्यात काढून त्यात मीठ घालायचे. तिचे माप दहा किलोला एक किलो मिठाचे. शेजारीण थोडे जास्त घालते आणि त्यावरून दोघींत दरवर्षी बोलणे होते. मिठाने गर सुटतो आणि लालसर रस तयार होतो. साली उन्हात घालायच्या, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर ठेवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. याला पूट देणे म्हणतात. असे चार-पाच पूट द्यायचे; काही घरांत सातही देतात. प्रत्येक पुटाला साल काळसर होत जाते, आकसते, मऊ राहते आणि तिच्यात आंबटपणा मुरतो. रस न पाजता नुसत्या वाळवलेल्या साली कडक होतात, हलक्या भरतात आणि आमटीत घातल्या तर चव उतरत नाही. बाजारात आमसूल घेताना म्हणूनच ते चिमटीत दाबून पाहावे. चांगले असेल तर किंचित चिकट लागते, आणि वाकवले तर मोडत नाही. फार मीठ पांढरे दिसत असेल तर ओळखावे की वजनासाठी घातले आहे.

आगळ याहून सोपे. साली आणि मीठ बरणीत थरावर थर घालून ठेवायचे, रोज हलवायचे. साताठ दिवसांत गडद लाल, खारट-आंबट रस सुटतो तो गाळून ठेवायचा. वर्षभर टिकतो. चमचाभर आगळ, नारळाचे दूध, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ आणि वर कोथिंबीर, की सोलकढी झाली. अमृत कोकम हे त्याचे गोड भावंड. सालीच्या वाट्यांत साखर भरून, सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर होईल अशा बेताने, बरणी उन्हात ठेवायची. आठ दिवसांत साखरेचा पाक होतो. पेल्यात थोडा पाक, पाच-सहा पट पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. उन्हातून आलेल्या माणसाला बाटलीतल्या कोणत्याही थंड पेयापेक्षा हे बरे, असे माझे मत झाले आहे. भगिनींसाठी एक सूचना: यातले काहीही पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. आंबट रस धातू खातो. चिनी मातीची बरणी, काच किंवा स्टीलच बरे.

उरल्या बिया. गर धुऊन काढून त्या वाळवतात. पूर्वी घरोघरी बिया कुटून पाण्यात उकळत; वर येणारे तेल थंड झाले की गोठते, ते मुठीने वळून गोळे करीत, म्हणून त्याला मुठेल म्हणतात असे मावशींचे सांगणे. बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल निघते. ते साध्या हवेत घट्ट मेणासारखे राहते आणि अंगाच्या उबेने वितळते. थंडीत भेगाळलेल्या टाचांना मावशी दिव्यावर वितळवून लावतात. हेच कोकम-लोणी आज साबणांत, ओठांच्या मलमांत आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये जाते. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याशिवाय जी सहा वनस्पती-स्निग्धे थोड्या प्रमाणात घालायला परवानगी आहे, त्यांत कोकमाचे आहे. मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या टाचांकडे पाहिले आणि खूप हसल्या. बिया मात्र आता त्या घरी कुटत नाहीत. गावात येणारा व्यापारी पोत्याने नेतो आणि तो देईल तो भाव घेतात.

आता त्या पावसाची गोष्ट. रातांबा पिकतो एप्रिलअखेरीपासून, आणि त्याचा भर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतो. पाऊस तळकोकणात येतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे फळ झाडावरून उतरवून, फोडून, पाच वेळा पूट देऊन, पाच वेळा वाळवून घ्यायला हाती असतात जेमतेम पंधरा-वीस कडक उन्हे. त्यातले एक जरी ढगाळ गेले तरी घास हातातून गळतो. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले तेव्हा फांद्यांसकट फळ खाली आले होते. आणि २०२५ साली तर मेच्या तिसऱ्या आठवड्यातच धो धो पाऊस लागला. २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत आल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. मी त्या वेळी बहिणीकडेच होतो.

दुपारी तीनचा सुमार असेल. खळ्यात ताडपत्रीवर तीन पूट झालेल्या साली पसरल्या होत्या. नैऋत्येला काळे दिसले तेव्हा बहीण भात गाळत होती. ती पळाली, मी पळालो, दाजी पळाले, पुतण्या झाडावर होता तो उतरेपर्यंत थेंब आले. ताडपत्रीची चार टोके धरून माल पडवीत ओढला, पण अर्धा भिजला. भिजलेल्या सोलाला काही इलाज नसतो. त्याचे मीठ धुऊन जाते आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी येते. चुलीवर टांगलेल्या तट्ट्यावर थोडे वाळवून पाहिले, तर धुराचा वास बसला. झाडावर उरलेले फळ पावसाने फुगून फुटले आणि खाली चिखलात सडले. आवारात पाय ठेवला की पचपच आवाज. मला राहवले नाही, मी म्हणालो, एवढे नुकसान आणि कुणी काही बोलत कसे नाही?

"पाऊस काय इचारून येता?" मावशी म्हणाल्या आणि उरलेल्या साली निवडायला बसल्या.

रात्री बहिणीने मला जे सांगितले ते तिने बावीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. भाताचे पैसे सोसायटीला जातात, काजूचे दाजींच्या हातात येतात. आमसुलाचे पैसे तेवढे तिचे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुलांची पुस्तके, छत्री, दप्तर त्यातून होते. मागे धाकटीच्या बारावीच्या शिकवणीचे पैसे तिने असेच भरले. "म्हणून दादा, तुला दरवर्षी देते ते आमसूल मी मोजून देते," ती म्हणाली. मी मान खाली घातली. ती गाठोडी माझ्या घरी फळीवर धूळ खात पडली होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर तिचे सासरे मला आवार दाखवायला घेऊन गेले. विहिरीजवळ दोन उंच, डेरेदार कोकमे. एकाही फांदीला फळ नाही. मी विचारले, ही झडली का?

"नर ते," म्हातारे म्हणाले. "सात वर्सां वाट बघलंय, आणि झाड नर निघाला."

कोकमात पपईसारखेच नर-मादी वेगळे. बी लावून रोप केले तर साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि हे कळते फूल आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. नराची फुले झुपक्याने येतात, मादीची तुरळक. तोवर पानाखोडावरून कुणालाही ओळखता येत नाही. आपण ऊस लावला तर वर्षा-दीड वर्षात तो कारखान्याला जातो. सात वर्षे राखण करून शेवटी हाती नुसती सावली, हे ऐकूनच मला कसेसे झाले.

पण यावर उपाय निघालेला आहे, आणि नवा नाही. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. विद्यापीठाने भरघोस मादी झाडांच्या निवडीतून 'कोकण अमृता' ही जात १९९७ साली दिली. पुढे 'कोकण हातीस' दिली. तिचे फळ मोठे आणि साल जाड, म्हणजे सोल जास्त. कोकण अमृताचा मोठा गुण असा की तिचे फळ पावसाआधी हाती येते. जे मी डोळ्यांनी पाहिले होते त्यावर याहून चांगले औषध कोणते? या जातींची कलमेच लावायची, बी नव्हे. मृदुकाष्ठ कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरते आणि ते मादी असल्याची खात्री असते. कलमासाठी काडी मात्र सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड जन्मभर जमिनीसरसे पसरत राहते, उंची धरीत नाही. कलमे विकत घेतानाही हे पाहून घ्यावे; सगळेच रोपवाले हे सांगत नाहीत. दोन झाडांत वीस फूट अंतर. आणि बागेत दहाला एक या हिशेबाने नर ठेवावाच लागतो, नाहीतर मादीला फळ धरणार कसे?

हे मी सासऱ्यांना सांगू लागलो, तर त्यांना त्यातले पुष्कळ ठाऊक होते. कृषी खात्याच्या माणसाने त्यांना सांगितले होते की नर झाड छाटून त्याच्या नव्या फुटव्यांवर मादीची कलमे बांधता येतात. दाजींची त्याला तयारी होती. म्हातारे अडून होते. त्या दोन झाडांखाली त्यांची गुरे उन्हाची बसत, आणि ती रोपे त्यांच्या थोरल्या भावाने लावलेली होती, जो आता नाही.

"झाड आसा, सावली देता. तोडूचा कित्याक?"

यावर मी काय बोलणार? आमच्या बांधावरचा चिंचेचा जुना वृक्ष मलाही तोडवत नाही, आणि त्याने उसाच्या दोन सऱ्या दरसाल मारल्या जातात.

घरात मात्र आणखी एक गोष्ट चालली होती. गावातल्या दहा-बारा बायकांचा बचत गट आहे. त्यांच्यात सौर वाळवणीची बोलणी सुरू होती: वरून पारदर्शक कागद घातलेला, आत तट्टे लावलेला बोगद्यासारखा मांडव. पाऊस आला तरी माल भिजत नाही, धूळ-माशी बसत नाही, आणि ढगाळ हवेतही उघड्यापेक्षा लवकर वाळते. पैसे कुणी किती घालायचे आणि तो कुणाच्या खळ्यात उभारायचा यावर अडले होते. खळ्याच्या प्रश्नावर तर दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. मला वाटते हे भांडण पैशाच्या भांडणापेक्षा अवघड. ज्याच्या खळ्यात मांडव, त्याच्या घरचा माल आधी वाळणार, अशी प्रत्येकीला धास्ती. शिवाय बहिणीचे म्हणणे असे की पाऊस जवळ आला की सगळे आमसूलच करायला धावतात. खरे म्हणजे शेवटच्या आठवड्यातल्या फळाचे आमसूल करायला जाऊच नये; त्याचे सरळ आगळ घालावे. आगळाला ऊन लागत नाही. त्या साली तिने भिजलेल्या मालानंतरचे सगळे फळ आगळाला लावले होते, त्यामुळे पुस्तकांपुरते तरी पैसे सुटले.

भाऊबीजेला मी पुन्हा गेलो, तेव्हा भात कापणीला आले होते. ओवाळून झाल्यावर दाजी मला विहिरीकडे घेऊन गेले. दोन नरांपैकी एक कमरेएवढ्या उंचीवर छाटलेला होता. पाऊस लागताच जूनमध्ये छाटला, म्हणाले. बाबांनीच एका सकाळी सांगितले, एक ठेवा आणि एक छाटा. बुंध्याला फुटवे आले होते आणि त्यांतल्या चारांवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून कलमे बांधलेली. एक सुकले होते. तिघांच्या टोकांना लालसर पालवी फुटली होती. म्हातारे दुसऱ्या झाडाखाली गुरांजवळ बसले होते. त्यांनी लांबूनच तीन बोटे दाखवली.

निघताना बहिणीने आगळाच्या चार बाटल्या दिल्या. या वेळी मी पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत, रागावली. शेवटी भाचीच्या हातात ठेवून एस.टी.त चढलो. फोंडा घाटात एका वळणाला एका बाटलीचे बूच सैल झाले आणि पिशवीतून लाल थेंब गाडीत पडू लागले. कंडक्टर आला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "आगळ ना? पुसू नका, डाग पसरतो. मीठ टाका वर." त्याचे गाव कुठले ते मी विचारले. वेंगुर्ल्याकडचाच निघाला.

उरलेल्या तीन बाटल्या आमच्या घरी दिवाळीच्या फराळानंतर आठ दिवसांत संपल्या.